सत्तेचाळीस नंबरची लोंबी

५ जानेवारी २०२५, रविवार. अड्याळ

आजपासून सगळं तारखेनिशी लिहिणार. उद्या कोणी म्हणायला नको की राखी गिऱ्हेपुंजे बिनपुराव्याचं बोलते.

काल संस्थेत पुस्तिकेचा कच्चा नमुना आला. संस्था म्हणजे भंडाऱ्याची आमची धानवैभव संस्था. तिथं मी तीन वर्षांपासून कॉम्प्युटर सांभाळते. जुन्या गावठी धानाचे त्रेसष्ट वाण आम्ही गावोगाव फिरून गोळा केले आणि एकेका लोंबीचा फोटो काढला. त्याची पुस्तिका २६ जानेवारीला निघणार, आणि पुस्तिकेत ज्याचं नाव त्याच्याच नावानं वाणाच्या नोंदणीचा अर्ज दिल्लीला जाणार. मी पानं उलटत सत्तेचाळीसवर आले. जांभूळकाडी. आमच्या घरचं धान! काडी जांभळी, तलावाच्या पोटात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहतं, शिजलं की चार घरं वास जातो. खाली छापलंय, 'जतन : चंद्रकुमार सर, संचालक'. बरं, सत्तेचाळीसखालीच नाही, त्रेसष्टच्या त्रेसष्ट वाणांखाली तेच. या माणसानं जन्मात चिखलात पाय घातलेला नाही हो! बूट काढावे लागतात म्हणून धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच फोटो काढा म्हणायचे.

घरी येऊन सांगितलं. बाबांची जमीन तीन एकर, पण आवाज तीस एकरांचा. लगेच गरजले, "आपल्या घरचं बी हाये ते! देवाजी गिऱ्हेपुंज्याच्या घरचं नाव पाह्यजे तिथं!"

आई सूप घेऊन बसली होती. म्हणाली, "अवं राखी, आयक त..."

मी म्हटलं, आई, तू काही घाबरू नको, तुझं नाव तिथं लावूनच दाखवते. बी तर तूच सांभाळतेस, दरवर्षी मडक्यात राख घालून.

तुळसाबाई अंगणातच होती. रोवणीला, कापणीला आमच्याकडे पहिल्यापासून तीच येते, आणि बियाण्याच्या लोंब्या निवडायचं काम आई तिच्याशिवाय कोणाच्या हातात देत नाही. तिनं एक दाणा दातानं फोडला. "खालच्या बांधीतलं व्हय हे. पाणी जास्त पेलं." मग मला म्हणाली, "पुस्तकात कशी दिसते वं जांभूळकाडी? मले दाखवजो."

मी म्हटलं, आधी नाव तर लागू द्या.

७ जानेवारी, मंगळवार

सरांच्या केबिनमध्ये गेले. दार ठोठावलं नाही, मुद्दाम.

सर म्हणाले, "राखी, मी कोणाचं नाव खाल्लेलं नाही. तक्ता बघ. स्रोताचा रकाना कोरा आहे. पुराव्याशिवाय नाव कसं टाकू? मग संस्थेच्या प्रमुखाचं नाव जातं, ही पद्धत आहे."

पद्धत! ही पद्धत कोणी काढली ते विचारलं तर फोन कानाला लावला.

पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. रकाना कोरा आहे तो माझ्या हातानं.

दोन वर्षांआधी सरांनी नियम काढला होता, फाइलीला फक्त नंबर द्यायचा, शेतकऱ्याचं नाव कुठंच नको, नावावरून गावात भांडणं लागतात. मला ते पटलं नव्हतं. मी हुशारी केली. लिनक्सवर फाइलीला एक चोरखिसा असतो. फाइलीचं नाव वेगळं, आतला फोटो वेगळा, आणि हा खिसा तिसराच. त्यात आपण चिठ्ठी टाकून ठेवू शकतो. फोटो उघडला तरी ती दिसत नाही. तिच्यासाठी वेगळं अवजार लागतं, नाहीतर प्रोग्राम लिहून थेट ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारावी लागते, तिलाच सिस्टीम कॉल म्हणतात. मी त्रेसष्ट फाइलींच्या खिशात त्रेसष्ट घरांची नावं टाकली. नियमही मोडला नाही आणि नावंही ठेवली. कोणाला सांगितलं नाही. स्वतःवरच खूश होते.

मागच्या जूनमध्ये ऑफिस तुमसरहून भंडाऱ्याला हललं. फोटो मीच पेनड्राइव्हवर घेऊन आले. आता पेनड्राइव्हला खिसेच नसतात! फोटो आले, नंबर आले, नावं वाटेतच गळाली. कॉपी होताना एका शब्दानं कुरकुर झाली नाही. आज इथल्या मशीनवर विचारलं तर त्रेसष्ट वेळा एकच उत्तर, 'नो डेटा अव्हेलेबल'.

दोन वर्षं या खिशांच्या भरवशावर राहिले आणि एकदाही हात घालून पाहिला नाही. अक्कल गहाण ठेवली होती काय मी!

८ जानेवारी, बुधवार

जुनं मशीन आहे! तुमसरला एका राइस मिलच्या मागच्या खोलीत पडलंय. तिथल्या डिस्कवर मूळ फाइली असणार. पण ऑफिसचे भोजराजभाऊ २० तारखेला ते पुसून, विंडोज टाकून एका शाळेला देणार आहेत. पुस्तिकाही २० तारखेलाच छापायला जाते.

बारा दिवस आहेत. लय झाले.

११ जानेवारी, शनिवार

घरी बसून प्रोग्राम लिहिला. तुमसरच्या त्या खोलीत नेट नाही, तयार अवजार मिळणार नाही, पण कंपायलर आहे. तो मीच टाकला होता, डिप्लोमाच्या सरावाला.

माझ्या लॅपटॉपवर एक खोटी फाइल केली, तिच्या खिशात आईचं नाव टाकलं, 'उषाबाई देवाजी गिऱ्हेपुंजे, अड्याळ', आणि वाचायला गेले. चिठ्ठी मागताना आपण सिस्टीमला आपलं भांडं किती मोठं ते सांगायचं असतं. मी अक्षरं मोजून चाळीसची जागा दिली. उत्तर आलं, मावत नाही. अर्धंमुर्धंही देत नाही तो, सरळ नकार. दोन तास डोकं आपटलं तेव्हा आठवलं, देवनागरीत एकेका खुणेला तीन-तीन बाइट लागतात. काना, मात्रा, सगळं वेगळं मोजतो. आईचं नाव एक्क्याण्णव बाइटचं निघालं. मग मी शंभरची जागा करून टाकली. नाव-गावाला शंभर पुष्कळ झाले.

खरी रीत अशी आहे की आधी रिकाम्या हातानं विचारायचं, 'किती आहे?' तो आकडा सांगतो. मग तेवढीच जागा घेऊन दुसऱ्यांदा विचारायचं. पण दोनदा कोण विचारत बसेल? मला काय आहे ते माहीत आहे.

आईला स्क्रीनवर तिचं नाव दाखवलं. तिनं पाहिलं, पदराला हात पुसले. "राखी, बी पोत्यात नाही मागत कोणी, पदरात मागते. मी त तुले तेव्हाच..."

"आई, थांब ना, आत्ता काम करून राहिले मी."

ती गेली. तुळसाबाईला चहा द्यायला गेली असेल. आजकाल दोघी चुलीजवळ फार वेळ बसतात आणि मी गेले की गप्प होतात.

१३ जानेवारी, सोमवार

आज सरांनी स्वतः बोलावलं. चहा मागवला. तेव्हाच समजले, काहीतरी शिजलंय.

"सत्तेचाळीसला तुझ्या आईचं नाव टाकतो. तू म्हणतेस तर पुरावाही नको. पण बाकीच्या बासष्टचा विषय इथंच संपव."

एक क्षण मन डगमगलं. खोटं कशाला लिहू. आईचं नाव दिल्लीपर्यंत गेलेलं डोळ्यांसमोर आलं. मग त्या बासष्ट जणी, जणे आठवले. मोहाडीकडच्या हिरालालकाकांनी मडक्यातून मूठभर बी काढताना दोन्ही हात जोडले होते, बियाण्याला! त्यांचं नाव मी गिळू?

"सर, आईचं नाव मेहरबानीनं नको. पुराव्यानं लावीन. आणि त्रेसष्टचे त्रेसष्ट."

"तुझा करार मार्चला संपतो, माहीत आहे ना?"

"तुमची पुस्तिका जानेवारीत निघते, मलाही माहीत आहे."

चहा तसाच ठेवून आले. चहा चांगला होता, त्याचं वाईट वाटलं.

बाबांना सांगितलं तर कपाळाला हात. "मिळत होतं नाव त कायले लाथाडलं? येडी झाली काय, पोट्टे!"

१८ जानेवारी, शनिवार. रात्रीचं जेवण झाल्यावर लिहिते आहे

क्रमानं लिहिते.

सकाळच्या एसटीनं भंडारा, तिथून तुमसर. मिलच्या मागच्या खोलीत पोचले तर भोजराजभाऊ आधीच हजर, हातात विंडोजचा पेनड्राइव्ह! सरांनी म्हणे सांगितलं, सोमवारची वाट पाहू नको, आजच पुसून टाक.

मी मशीनसमोर खुर्ची ओढून बसले. "भोजराजभाऊ, मले एक तास पाह्यजे."

"बाई, माह्यावर येईन."

"तुमच्या कोकुर्ड्याच्या मामांचं धान एकोणीस नंबरला आहे. त्यांचं नाव या मशीनमधी हाये. पुसा आता, पुसता असाल त."

माणूस भला आहे. नखं कुरतडत म्हणाला, "मी चहा पिऊन येतो. मले चहाले लय वेळ लागते."

मशीन खोकत खोकत चालू झालं. सगळीकडे कोंड्याची धूळ. प्रोग्राम चढवला, चालवला. आणि नावं यायला लागली! एक नंबर, सीताबाई, गाव अमुक. दोन नंबर. तीन नंबर. एकेक नाव वर येत होतं आणि मला त्या त्या घरचं अंगण आठवत होतं. एकोणीसला भोजराजभाऊंचे मामा बाबूलाल. मी एकटीच त्या खोलीत टाळ्या वाजवल्या.

सेहेचाळीस आलं. सत्तेचाळीसला थांबलं. 'मावत नाही.' पुढे अठ्ठेचाळीस बरोबर, एकोणपन्नास बरोबर, त्रेसष्टपर्यंत सगळी बरोबर. फक्त माझ्या आईचीच चिठ्ठी मावत नाही! शंभरात! एक्क्याण्णवचं नाव शंभरात कसं मावत नाही? मी मशीनला वाट्टेल ते बोलले. वाटलं, घरचं धान म्हणून मीच कौतुकानं काही जास्त लिहिलं असेल.

शेवटी नाक मुठीत धरून खऱ्या रीतीनं विचारलं, रिकाम्या हातानं. किती आहे? एकशे त्रेपन्न.

तेवढी जागा केली. दुसऱ्यांदा विचारलं. आलेलं जसंच्या तसं लिहिते :

'तुळसाबाई मंगरू रामटेके, अड्याळ. उषाबाईनं तिच्याकडून आणलं.'

मी दोनदा चालवलं, तिसऱ्यांदा चालवलं. तेच. माझ्याच हातचं टायपिंग. मग आठवलं. त्या दिवशी एकवीस फाइली करायच्या होत्या, आई फोनवर सांगत होती आणि मी कानाला फोन लावून नुसती टाइप करत होते. एक शब्द डोक्यात गेला नव्हता. डोक्यात बाबांचं 'आपल्या घरचं बी' आधीपासूनच बसलं होतं.

भोजराजभाऊ आले तेव्हा मी रडत होते. ते घाबरले, म्हणाले, "सारं गेलं का?" म्हटलं, नाही भाऊ, सारं सापडलं. या वेळी पेनड्राइव्ह नाही, थेट वायर जोडून खिशांसकट सगळ्या फाइली लॅपटॉपवर घेतल्या, स्क्रीनचे फोटो काढले, मग म्हटलं, पुसा आता खुशाल.

परतीच्या बसमध्ये एक विचार आला, लाज वाटते पण लिहिते. ही ओळ फक्त मी वाचलीय. सत्तेचाळीसला आईचं नाव लावलं तर जगात कोणाला कळणार नाही. सर तर लावायला तयारच आहेत.

मग सरांचा चेहरा आठवला, 'रकाना कोरा होता, मी कोणाचं नाव खाल्लेलं नाही' म्हणतानाचा. आणि माझा तर रकाना कोराही नव्हता.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी आईसमोर बसले. म्हटलं, सांग. मी मध्ये बोलणार नाही.

"तू तिसरीत होती," आई म्हणाली. "तलावाची पार फुटली, त्या साली आपलं सारं बी सडलं. तुह्या बापानं दुकानातलं आणलं, ते बी पाण्यात बसलं. मी तुळसाकडे गेली. बोडीच्या पाण्याकाठी तिचा एवढासा तुकडा, त्याच्यातच तिनं जांभूळकाडी जपली होती. पदर पसरला. तिनं हात आखडला नाही, अर्धं मडकं ओतलं. दुसऱ्या सालापासून तुह्या बापाच्या तोंडी ते 'आपलं' झालं. मी किती डाव सांगतलं! तू तरी कुठं आयकतेस? बापावरच गेली."

हे शेवटचं जास्त लागलं.

बाबा दारातून ऐकत होते. "तुळसा आपल्या घरी कामाले येते. तिचं नाव छापलं त आपलं काय राह्यलं?"

"धान राह्यलं ना, बाबा. पंधरा वर्षं जेवून राहिलो आपण."

"घरचं नाव कापते ही पोरगी!"

"घरचं नव्हतंच ते. चंद्रकुमार सर आपल्याला लुटून राहिले म्हणून मी पंधरा दिवस बोंबलत फिरले, आणि आपण तेच करून बसलो होतो. सरांकडे निदान बूट तरी आहेत, आपण तर तिच्यासोबत एकाच चिखलात उभे राहून केलं."

बाबा उठून गेले. दुपारी जेवायला बसले नाहीत. मी पण बोलावलं नाही. आईनं ताट झाकून ठेवलं.

जेवण झाल्यावर त्रेसष्ट घरांपैकी ज्यांच्या ज्यांच्याकडे कोणाचा तरी मोबाइल आहे, त्यांना त्यांच्या लोंबीचा फोटो आणि नाव पाठवून दिलं. खाली सरांचा नंबरही दिला. चौकशीसाठी!

२० जानेवारी, सोमवार

सरांचा फोन सकाळपासून वाजत होता. केबिनमध्ये गेले तेव्हा ते हिरालालकाकांशीच बोलत होते. बोलत म्हणजे ऐकत होते.

फोन ठेवून यादी हातात घेतली. वाचता वाचता सत्तेचाळीसवर थांबले. "हे काय? तुझी आई कुठे आहे? मी तर तिचं नाव टाइपही करून ठेवलं होतं!"

"जे खिशात आहे ते छापा."

"राखी, एवढी लांब ओळ रकान्यात मावत नाही. नुसतं 'उषाबाई' ठेवू. छोटं आहे, सोयीचं आहे, तुझ्या घरचंच आहे."

"मग रकाना वाढवा, सर. मी शंभरचा ठेवला होता, मलाही वाढवावा लागला."

परत फोन वाजला. त्यांनी यादी छापखान्याला पाठवली. त्रेसष्ट नावं जाणार. मुखपृष्ठावर सरांचं नाव तेवढं मोठ्या टायपात राहणार. राहू दे, मुखपृष्ठ पेरता येत नाही.

निघताना म्हणाले, "मार्चनंतर तुझी गरज पडेल असं वाटत नाही."

म्हटलं, बरं.

 

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं, पुस्तिका निघाली. एक प्रत घेऊन तुळसाबाईच्या घरी गेले. मी इतक्या वर्षांत तिच्या घरी पहिल्यांदा गेले. तीच रोज आमच्याकडे येते, तर कधी कारणच पडलं नाही. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

आई सोबत होती. तुळसाबाईनं मांडी घालून पान उघडलं, बोट फिरवत अक्षरं लावली. "रामटेके बरोबर हाये," म्हणाली. मग खूप वेळ लोंबीच्या फोटोवरच बोट ठेवून बसली. मी म्हटलं, तुळसाबाई, माफ करा, हे नाव मी माझ्या घरचं म्हणून लावायला निघाले होते.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "तुही माय रोज रडे चुलीपाशी. मी म्हनलं, पोट्टी लिहिणारी हाये, लिहिलं असन तिनं कुठंतरी."



मग तिनं पुस्तिका मिटली. "पन राखी, हे अर्धंच लिहिलं वं तू. माह्यं तरी कुठचं ते? माह्या मायनं देलं मले, लग्नात, लुगड्याच्या गाठीत बांधून. तिच्या गावाले कोनाकडून आलं ते बी हाये सांगासारखं. लंबं हाये, पन."

तोंडात आलं होतं, बाई, आता पुस्तिका छापून झाली, आता काय उपयोग. गिळलं. लॅपटॉप आणला, सत्तेचाळीस नंबरचा खिसा उघडला. या वेळी आधी विचारलं.

"किती लंबं आहे?"

"संध्याकाळ होईन."

"होऊ द्या."

आई चुलीशी बसली, चहा ठेवला. तुळसाबाई सांगते आहे, मी टाइप करते आहे, मध्येच ही वहीही लिहिते आहे. आत्तापर्यंत चारशे बारा बाइट झालेत आणि बाईचं धान अजून वैनगंगेच्या पलीकडेच आहे.